झाड एकाचं, फळ दुसऱ्याचं आणि कॉल ऑफ ड्यूटीचा करार

डिसेंबरात आबांनी सड्यावरची आंब्याची चाळीस कलमं तीन वर्षांच्या कराराने दिली आणि खळ्यात बसून तो कागद मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बारीक टाइप आबांना आता चष्म्यातूनही दिसत नाही. कागद दोनच पानांचा. जमीन आमची, झाडं आमची, सातबाऱ्यावर नाव आमचं, पण तीन वर्षं जे फळ येईल ते करार घेणाऱ्याचं, फवारणी त्याची, राखण त्याची, पेट्या भरून वाशीला पाठवायच्या त्याही त्यानेच. आणि एक ओळ आबांनी हट्टाने घालायला लावली होती, की कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर काढणारं औषध) घालायचं तर मालकाला विचारून आणि ठरलेल्या मापातच. ज्यांच्या बागा आहेत त्यांना ही ओळ का ते सांगायला नको, तीन वर्षांसाठी आलेला माणूस तीन वर्षांत जेवढं निघेल तेवढं काढणार, झाड पुढे चाळीस वर्षं जगवायचंय ते आपल्याला.

त्याच रात्री माझा चुलतभाऊ (एकोणीस वर्षांचा, देवगडलाच कॉलेजला आहे) माझ्या सात वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग लावून बसला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते भारतात सुरू झालं तेव्हापासून त्याचं हेच चाललंय. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चार टॅब उघडले की पंखा जेसीबीसारखा ओरडतो, आणि त्याच्यावर कॉल ऑफ ड्यूटीसारखा बंदुकांच्या लढाईचा एवढा जड गेम पळतोय हे बघून मलाही पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. गेम खरं तर लॅपटॉपवर चालतच नाही. तो चालतो दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या मशीनवर, भावाने कंट्रोलरचं बटण दाबलं की तेवढा निरोप केबलने तिकडे जातो, तिथे गोळी सुटते, आणि सुटलेल्या गोळीचं चित्र व्हिडिओ बनून परत आमच्या पडवीत येतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायला लागतं. पावसात झाडाची फांदी केबलवर पडली की आमच्याकडे चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि मग दोन दिवस केबलवाल्याची वाट बघायची.

तर भावाने मध्येच विचारलंन, "दादा, कॉल ऑफ ड्यूटी मायक्रोसॉफ्टने विकत घेतलंन ना? मग त्याच्या क्लाउड स्ट्रीमिंगचे हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीकडे आहेत असं का म्हणतात?"

मी त्याच्यापुढे आबांचा कागद ठेवला. आबा बाजूलाच सुपारी कातरत होते, ते म्हणाले, "झाड एकाचा, आंबे दुसऱ्याचे. ह्येच्यात नवीन काय असा?"

नवीन एवढंच की इथे झाडाच्या मालकाला फळ दुसऱ्याला द्यायचंच नव्हतं, त्याला ते द्यायला लावलं गेलं, आणि लावणारं होतं लंडनचं एक सरकारी कार्यालय. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते म्हणून आज सविस्तर लिहितोय.

१८ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की आम्ही ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी विकत घेतोय, ६८.७ अब्ज डॉलरला, शेअरला ९५ डॉलर रोख. गेमच्या धंद्यात एवढा मोठा सौदा त्याआधी झालेला नव्हता. त्यात कॉल ऑफ ड्यूटी आलं, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आलं, डायब्लो आलं, आणि किंग ही कंपनी त्यांचीच असल्यामुळे आमच्या काकीच्या मोबाइलवरचं कँडी क्रशसुद्धा आलं. आता एवढे मोठे सौदे नुसते दोन कंपन्यांनी हात मिळवून होत नाहीत, जिथे जिथे धंदा आहे तिथल्या स्पर्धा आयोगांनी (धंदा एकाच्याच मुठीत जाऊ नये हे बघणाऱ्या सरकारी कार्यालयांनी) हो म्हणायला लागतं. सौदी अरेबियाने आणि ब्राझीलने २०२२ मध्येच हो म्हटलं, जपान, चीन, दक्षिण कोरिया २०२३ मध्ये. घोडं अडलं तीन ठिकाणी: अमेरिकेचा एफटीसी, युरोपियन कमिशन आणि ब्रिटनचा सीएमए, म्हणजे वर म्हटलेलं लंडनचं कार्यालय.

सुरुवातीला सगळ्यांचं मुख्य भांडण कन्सोलवरून (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) होतं, की मायक्रोसॉफ्ट उद्या कॉल ऑफ ड्यूटी सोनीच्या प्लेस्टेशनवरून काढून घेईल. सोनीची ओरडही तीच. पण मार्च २०२३ मध्ये सीएमएने नवीन आकडे बघून तो मुद्दा सोडून दिला, कारण प्लेस्टेशनवरचं एवढं मोठं गिऱ्हाईक तोडलं तर नुकसान मायक्रोसॉफ्टचंच जास्त होणार होतं. सगळ्यांना वाटलं, झालं, आता परवानगी मिळणार. आणि २६ एप्रिल २०२३ ला सीएमएने सौदा चक्क अडवला, आणि कारण दिलं क्लाउड गेमिंगचं.

तेव्हा बऱ्याच लोकांनी सीएमएला वेड्यात काढलं होतं. क्लाउड गेमिंग खेळतं कोण? गूगलचं स्टेडिया त्याच जानेवारीत, १८ तारखेला, बंद पडलं होतं, म्हणजे गूगलसारख्या कंपनीला जे जमलं नाही त्या एवढ्याशा बाजारासाठी ६८.७ अब्जांचा सौदा थांबवायचा? खरं सांगतो, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आज माझं मत उलट आहे. सीएमएचं म्हणणं असं होतं की हा बाजार आज लहान आहे म्हणूनच आज बघायला पाहिजे. ब्रिटनमध्ये महिन्याला क्लाउडवर खेळणाऱ्यांची संख्या २०२१ च्या सुरुवातीपासून २०२२ च्या शेवटापर्यंत तिपटीहून जास्त झाली होती, जगभरातल्या क्लाउड गेमिंगचा ६० ते ७० टक्के हिस्सा मायक्रोसॉफ्टकडेच होता, आणि वर त्यांच्याकडे विंडोज आहे, अझूर या त्यांच्या क्लाउड सेवेची डेटा सेंटरं आहेत, एक्सबॉक्स आहे. ह्यात कॉल ऑफ ड्यूटी घातलंत तर नव्याने क्लाउड सर्व्हिस काढणाऱ्याने लोकांना खेळायला द्यायचं काय? कलम लावतानाच दोन झाडांत अंतर सोडावं लागतं, पंधरा वर्षांनी फांद्या एकमेकांत घुसल्यावर झाड सरकवता येत नाही.

अमेरिकेत एफटीसीने डिसेंबर २०२२ मध्येच केस घातली होती, आणि सौदा पूर्ण होऊ नये म्हणून २०२३ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात गेले, पण जुलैमध्ये न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी मनाई द्यायला नकार दिला. पुढे अपीलही हरले आणि मे २०२५ मध्ये एफटीसीने केस सोडून दिली. अमेरिकेचं एवढंच.

युरोपने वेगळा रस्ता घेतला. १५ मे २०२३ ला त्यांनी सौद्याला हो म्हटलं पण अट घातली की दहा वर्षं, तिथल्या ज्या माणसाने ॲक्टिव्हिजनचा गेम विकत घेतलाय त्याला तो कुठल्याही क्लाउड सर्व्हिसवर खेळता आला पाहिजे आणि त्या सर्व्हिसवाल्यांकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. मायक्रोसॉफ्टने तोवर निन्टेन्डो, एनव्हिडिया, बूस्टरॉइड वगैरे कंपन्यांशी दहा दहा वर्षांचे करार करून ठेवलेच होते. चांगली अट आहे, वाईट नाही. पण ती मालकाने दिलेल्या शब्दावर उभी आहे, तो शब्द पाळला जातोय की नाही हे दहा वर्षं कोणीतरी बघत बसायला लागतं, आणि ज्या तऱ्हेचा धंदा त्या अटीत लिहिलेला नाही तो उद्या कोणी काढलान तर त्याला ती लागू होईलच असं नाही. सीएमएला नेमका हाच प्रकार नको होता. गावात आपण जमिनीच्या व्यवहारात काय करतो? तोंडी शब्दावर कोण राहतो, सातबाऱ्यावर नोंद पाहिजे.

ती नोंद ऑगस्टमध्ये झाली. २२ ऑगस्ट २०२३ ला मायक्रोसॉफ्टने सौदा नव्याने मांडला. ॲक्टिव्हिजनचे तेव्हा असलेले सगळे पीसी आणि कन्सोल गेम, शिवाय पुढच्या १५ वर्षांत येतील ते सगळे, ह्यांचे क्लाउड स्ट्रीमिंगचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे येणारच नाहीत, ते युबिसॉफ्टला विकले जातील, आणि त्या गेमांपुरते ते कायमचे युबिसॉफ्टचे. हे युरोपियन इकॉनॉमिक एरिया (युरोपियन युनियन आणि शेजारचे काही देश) वगळून उरलेल्या जगासाठी. त्या उरलेल्या जगात भारत आला, भारतात देवगड आलं. युबिसॉफ्टने ते कोणालाही द्यावेत, गेम विकत घेऊन खेळायचा असो की महिन्याच्या वर्गणीत, आणि एखाद्या क्लाउडवाल्याला विंडोज नको असेल तर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गेम चालवून द्यायचं काम मायक्रोसॉफ्टने करायचं, पैसे घेऊन. ही शेवटची अट वाचली तेव्हा मला आबांची कल्टारची ओळ आठवली. नुसतं फळ दुसऱ्याचं म्हणून लिहून भागत नाही, झाडाला हात कोणी कसा लावायचा हेही कागदावर लागतं, नाहीतर हक्क कागदावर राहतो आणि माल घरात येत नाही. १३ ऑक्टोबर २०२३ ला सीएमएने हो म्हटलं आणि त्याच दिवशी सौदा पूर्ण झाला.

म्हणजे बघा, आमच्या पडवीत बसून भाऊ कुठल्या क्लाउडवर कॉल ऑफ ड्यूटी खेळू शकतो ह्याची किल्ली पॅरिसजवळच्या कंपनीकडे आहे, ती तिथे गेली लंडनच्या अधिकाऱ्यांमुळे, आणि गेम बनतो अमेरिकेत. ह्यात भारताच्या बाजूने कोणी काही बोललं नाही, तरी फायदा आपल्याला झाला. उद्या भारतातल्याच एखाद्या कंपनीने क्लाउड गेमिंग काढलं तर तिला ह्या गेमांसाठी मायक्रोसॉफ्टच्या दारात जायची गरज नाही, दुसरं दार आहे. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. कारण कन्सोल पन्नास हजारांच्या घरात, चांगला गेमिंग पीसी त्याहून वर, आमच्याकडच्या पोरांना हे परवडत नाही, आंब्याचं एक साल वाईट गेलं की घरात नवीन मोबाइलही येत नाही. क्लाउड हाच त्यांचा रस्ता आहे, तो एकाच्या मालकीचा होऊ नये.

पण मला काळजी आहे ती दुसरीच. करार घेणारा भक्कम पाहिजे. युबिसॉफ्ट ही १९८६ मध्ये गिलमो आडनावाच्या पाच भावांनी काढलेली कंपनी, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली, घरचा धंदा शेतकऱ्यांना माल पुरवायचा. मला ह्या माणसांबद्दल आदर आहे. पण गेली काही वर्षं कंपनीचे दिवस चांगले नाहीत, २०२५ मध्ये त्यांनी आपले सगळ्यात मोठे गेम एका वेगळ्या उपकंपनीत घातले आणि त्यातला सुमारे २५ टक्के हिस्सा चीनच्या टेन्सेंटला १.१६ अब्ज युरोला दिला. जगभरच्या क्लाउडवाल्यांसाठी जो हक्क बाजूला काढून ठेवला तो अशा घरात आहे जिथे स्वतःचीच ओढाताण चाललीय. सीएमएने हक्क दोन-तीन कंपन्यांत वाटायला लावले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दुसरं म्हणजे किंमत. हक्क वेगळे काढले म्हणून वर्गणी वाढायची थांबत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पास अल्टिमेट (मायक्रोसॉफ्टची गेमची महिन्याची वर्गणी) अमेरिकेत १९.९९ वरून २९.९९ डॉलर झालं, आपल्याकडे ८२९ वरून १३८९ रुपये. आणि सौदा झाल्यावर तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातल्या १९०० लोकांना घरी पाठवलं. ह्या गोष्टींना सीएमएचा कागद हात लावत नाही, तो फक्त एका फांदीबद्दल आहे.

आपल्याकडचं बोलायचं तर आपला स्पर्धा आयोग, सीसीआय, आता पूर्वीपेक्षा बरा सज्ज आहे. आधी सौदा आयोगापुढे न्यायचा की नाही हे मालमत्ता आणि उलाढालीवर ठरायचं, त्यामुळे भारतात ऑफिस छोटं पण गिऱ्हाईक लाखो असं असलं तर सौदा सहज निसटायचा. १० सप्टेंबर २०२४ पासून नियम आला की सौदा २००० कोटींच्या वरचा असेल आणि कंपनीचा भारतात बऱ्यापैकी कारभार असेल तर आयोगाकडे यावंच लागेल. रिलायन्सचा आणि डिस्नेच्या स्टारचा टीव्हीचा धंदा एकत्र आला तेव्हा, ऑगस्ट २०२४ मध्ये, क्रिकेटच्या हक्कांचा प्रश्न आलाच होता, टीव्ही आणि ओटीटी दोन्हींवरचं क्रिकेट एकाच घरात जाणार म्हणून, आणि आयोगाने कंपन्यांकडून बदल मान्य करून घेऊनच परवानगी दिली. म्हणजे दाखवायचा हक्क वेगळा बघायचा असतो हे आपल्या आयोगाला चांगलं कळतं. गेमच्या बाबतीतही ते तसंच, आणि वेळेत बघितलं जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ईए ही गेम कंपनी ५५ अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा जाहीर झाला, सौदीचा सरकारी फंड त्यात मुख्य आहे. फुटबॉलचा गेम त्यांचा, आमच्या वाडीतली अर्धी पोरं तो मोबाइलवर खेळतात. त्याच्या स्ट्रीमिंगचं पुढे काय, हे दिल्लीत कोणीतरी आत्ताच विचारावं.

हे सगळं सांगून होईपर्यंत लाईट गेली, राउटर बंद, भावाची मॅच अर्धवट. अंधारात आबांनी विचारलं, "पंधरा वर्सांनी मगे काय?"

पंधरा वर्षं म्हणजे ऑक्टोबर २०३८. तोपर्यंत निघालेले गेम युबिसॉफ्टकडेच राहतील, त्यानंतर निघणाऱ्यांचे स्ट्रीमिंगचे हक्क परत झाडाच्या मालकाकडे. भावाने मोबाइलच्या टॉर्चमध्ये बोटांवर मोजलंन, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा असेल. आबा म्हणाले, तोवर सड्यावरच्या कलमांचा करार चार वेळा बदललेला असेल, आणि कागद नीट घडी घालून ट्रंकेत ठेवायला आत गेले.