घरघरणारा हमबकर आणि ग्रीन डेचा सेट

शनिवारी दुपारी बाराला माझ्या दुरुस्तीच्या बेंचवर एक स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) घाटाची इलेक्ट्रिक गिटार आली. रात्री आठला गिऱ्हाईकाचा ग्रीन डे या अमेरिकन पंक रॉक बँडच्या गाण्यांचा सेट. "दादा, आवाज पातळ येतोय आणि घरघर जातच नाही. केबल बदलली, अँप बदलला." ब्रिजपाशी (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) नुकताच बसवलेला सीमोर डंकनचा जेबी हमबकर होता. हमबकर म्हणजे तारांचा कंप पकडणारा, घरघर मारायला दोन कॉइल जोडलेला पिकअप. हमबकर घरघरायला लागला की त्याची एकच कॉइल चालू आहे असं समजून कामाला लागायचं.

व्हॉल्यूम पूर्ण उघडून जॅकवर मल्टिमीटर लावला. ८ किलोओहम! जेबीला १६ च्या आसपास दिसायला हवेत. पिकगार्ड उचलला. या पिकअपची काळी वायर सिग्नलची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून, झाकून नुसती सोडायची. इथे त्या जोडावरची चिकटपट्टी सुटली होती आणि जोड आतल्या, घरघर अडवायला लावलेल्या आणि ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या पट्टीला टेकला होता. अर्धा पिकअप थेट ग्राउंडला. जोड नव्याने सोल्डर केला, वर श्रिंक ट्यूब चढवली. मीटर १५ च्या वर गेला, घरघर थांबली. आता आवाज भरला, पण दबका. कारण व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोध) स्ट्रॅटचा मूळ, २५० किलोओहमचाच. ५०० चा घातल्यावर धार आली.

ग्रीन डेचा गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँगची निळी फर्नांडिस गिटारही अशीच: काम ब्रिजच्या एका हमबकरचं, मधला आणि नेकचा पिकअप वापरातच नाहीत. लहानपणी मिळालेली ती गिटार बर्कलीच्या ९२४ गिल्मन स्ट्रीट या पंक क्लबात वाजली, १९९४ च्या 'डुकी' अल्बमच्या काळात वाजली, त्याच वर्षी वुडस्टॉक महोत्सवाच्या चिखलातही. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला म्हणून गिल्मनची दारं बँडला बंद झाली. २००३ मध्ये होत आलेल्या अल्बमच्या टेप चोरीला गेल्या, त्यांनी नव्याने लिहायला घेतलं आणि २००४ मध्ये 'अमेरिकन इडियट' आला. तोवर बिली जोच्या हातात लेस पॉल ज्युनिअर आली होती. तिलाही एकच पिकअप, ब्रिजपाशी. एवढ्या उलथापालथीत ही मांडणी टिकली, आणि मला त्या बँडचं हेच सगळ्यात आवडतं. मार्च २०२५ मध्ये ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, तेव्हापासून हे काम वरचेवर येतं.

खरा वेळ खाल्ला तारांनी. 'डुकी'ची गाणी अर्धा सूर उतरवून वाजवतात. या गिटारवर ०९ चा, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची असलेला, तारांचा सेट होता. उतरवल्यावर तारा लोंबल्यासारख्या सैल होतात आणि जोरात खाली मारलं की जाड तार क्षणभर चढी बोलते. ११-४९ चा सेट चढवला. जाड तारा नटच्या (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकून पेग फिरवताना टक्‌ टक्‌ करत होत्या, म्हणून प्रत्येक खाच तारेच्या मापाच्या कानशीने रुंद केली. खोल अजिबात नाही, नाहीतर उघडी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते. ट्रेमोलोला (दांडीने ब्रिज हलवून सूर लववणाऱ्या यंत्रणेला) पाचही स्प्रिंगा लावल्या, तिच्या ब्लॉकमागे सागवानाचा तुकडा घट्ट ठोकला, म्हणजे ब्रिज हलायला नको. सातव्या फ्रेटवर मानेचा बाक पाव मिलिमीटर, बाराव्यावर जाड तारेची उंची २ मिलिमीटर. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून ब्रिजवर तारेची लांबी जुळवणं, उतरवलेल्या सुरातच लावलं. आधी लावून मग उतरवलं तर फुकट जातं.

साडेपाचला ट्यूनर जोडून जाड तारेवर सलग चाळीस डाउनस्ट्रोक मारले. सुई जागची हलली नाही. गिटार केसमध्ये ठेवली, सोबत ११ च्या दोन सुट्या तारा दिल्या.