८६०६, एक न फोडलेलं पाकीट आणि माझी पिवळी चिठ्ठी

जूनमधे आमचं टॅक्स रिटर्न भरून द्यायचं ऑफिस म्हणजे जत्रा उठल्यानंतरचं मैदान. फेब्रुवारीपासून १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या रिटर्नच्या शेवटच्या तारखेपर्यंत, डबा उघडायला फुरसत नसते आणि मग एकदम सामसूम, एक्स्टेंशनवाल्या चार फायली पुढे-मागे करत बसायचं. अशाच एका दुपारी एक क्लायंट आले, मूळचे सांगलीचे, इथे न्यू जर्सीत एडिसनला राहतात, आयटीतले, वय ४६. घराचं रिफायनान्स चाललंय म्हणून रिटर्नची कॉपी हवी होती. ती घेऊन उठता उठता त्यांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं, न फोडलेलं. "ताई, हे बघा जरा, कामाचं नसेल तर फाडून टाका."

५४९८ होता तो, म्हणजे आयआरएत (आपलं आपण उघडायचं निवृत्तीचं खातं) वर्षभरात किती पैसे आले आणि वर्षअखेर किती होते याचा फॉर्म. पाचव्या बॉक्समधे १,३३,००० डॉलर. माझ्या पोटात गोळाच आला, कारण त्यांचं रिटर्न मार्चमधे मीच भरलं होतं आणि त्यात आयआरएतल्या वर्षअखेरच्या शिल्लकेच्या जागी मी शून्य लिहिलं होतं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. रॉथ आयआरए म्हणजे टॅक्स भरलेले पैसे टाकायचे आणि निवृत्तीनंतर बिनटॅक्स काढायचे. त्यात पैसे टाकायला उत्पन्नाची मर्यादा आहे, नवरा-बायको मिळून भरत असतील तर २०२४ साठी २,४०,००० च्या वर थेट काहीच टाकता येत नव्हतं. पण साध्या, म्हणजे पारंपरिक आयआरएत टॅक्स भरलेले पैसे (२०२४ ला ७,०००) टाकून ते रॉथमधे कन्व्हर्ट करायला मर्यादा नाही, २०१० पासून ती काढून टाकलीय. याला सगळे बॅकडोअर रॉथ म्हणतात. आमच्या इकडच्या आयटी मंडळींत तर हे हळदीकुंकवासारखं झालंय, प्रत्येकाकडे असतंच, आणि प्रत्येकाला वाटतं की जानेवारीत दोन क्लिक केले की संपलं.

संपत नाही. बँकेकडून पैसे काढल्याचा जो १०९९-आर फॉर्म येतो त्यात पहिल्या बॉक्समधे ७,०००, करपात्र रकमेच्या बॉक्समधे पण ७,०००, आणि शेजारी बारीक अक्षरात "करपात्र रक्कम ठरवलेली नाही" यावर टिक. म्हणजे बँक हात झटकून मोकळी! आणि तुम्ही आत टाकलेले ७,००० आधीच टॅक्स भरलेले होते हे सांगायला १०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्नवर, एक ओळ सुद्धा नाही. ते फक्त ८६०६ वर सांगायचं. तो फॉर्म नसेल तर आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, दृष्टीने तुम्ही ७,००० काढलेत आणि सगळ्यावर टॅक्स लागतो. दोन पानांचा फॉर्म, पण मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात नुसती बेरीज-वजाबाकी नाही, त्याला स्मरणशक्ती आहे. १४ व्या ओळीतला आकडा पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या ओळीत जातो, तिथून पुढच्या, वीस-वीस वर्षं. ऑफिसात हाताने एक ८६०६ भरून बघितल्याशिवाय मी नवीन पोरांना सॉफ्टवेअरला हात लावू देत नाही, पोरं वैतागतात, वैतागू देत.

आता सहावी ओळ. ती विचारते की ३१ डिसेंबरला तुमच्या *सगळ्या* साध्या, सेप आणि सिंपल (हे दोन छोट्या धंदेवाल्यांसाठीचे प्रकार) आयआरएत मिळून किती पैसे होते. एका खात्यात नाही, सगळ्या. यांनी जानेवारी २०२४ मधे ७,००० टाकून आठवड्यात कन्व्हर्ट केले, खातं रिकामं, छान. मग ऑक्टोबरमधे कुणा मित्राने सांगितलं म्हणून जुन्या कंपनीतले ४०१के चे (कंपनीमार्फत चालणारं निवृत्तीचं खातं) पैसे उचलून आयआरएत आणले. त्यावर टॅक्स नव्हता, त्यामुळे त्याचा १०९९-आर त्यांनी मला दिलाच नाही, "टॅक्सच नाही तर कशाला तुमचा वेळ घ्यायचा".

मग काय, त्यांच्यासमोरच कागदावर मांडलं. पाचव्या ओळीत ७,०००. सहावीत १,३३,०००. आठवीत कन्व्हर्ट केलेले ७,०००. नववीत सगळं मिळून १,४०,०००. दहावीत सात हजार भागिले एक लाख चाळीस हजार, ०.०५. म्हणजे कन्व्हर्ट केलेल्या सात हजारातले फक्त ३५० टॅक्समुक्त, उरलेले ६,६५० उत्पन्नात. त्यांच्या २४ टक्क्यांनी १,५९६ डॉलर, वर १५ एप्रिलपासूनचं व्याज.

ते भडकलेच. "जानेवारीत केलेल्या कामाला ऑक्टोबरचं पाप कसं काय लागतं?" प्रश्न रास्त आहे, मला पण हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा असंच वाटलं होतं. मी म्हणलं चहात साखर ढवळली की वरचा एक घोट बिनसाखरेचा मागता येत नाही, आणि इथे तर साखर नंतर घातली तरी आधी प्यायलेला घोट गोड धरतात. बरं मग ते कन्व्हर्जनच रद्द करू म्हणाले. ते २०१८ पासून बंद आहे. मग त्यांनी शेवटचं काढलं, "तुम्ही विचारायला नको होतं का?"

विचारलं होतं. फॉर्मवर विचारलं होतं, पारंपरिक, सेप किंवा सिंपल आयआरए आहे का, त्यांनी नाहीवर टिक करून खाली सही केलीय. फोनवर पण विचारलं होतं आणि शब्दशः उत्तर होतं, "नाही हो ताई, दुसरा आयआरए नाही." मी सही दाखवली तर ते शांतपणे म्हणाले, "पण ते तर ४०१के चे पैसे आहेत."

आणि यात ते अजिबात खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी पैसा जिथून आला त्याचंच नाव त्याला लागतं, खातं कुठलं का असेना. आमच्याकडे नाही का, वडिलांनी घेतलेला प्लॉट विकून फ्लॅट घेतला तरी घरात "प्लॉटचे पैसे"च म्हणतात. आमचे साहेब केबिनमधून ऐकत होते, नंतर म्हणाले, "साइन है ना? बस, अपना कुछ नहीं." साहेबांचं सगळं सहीवर थांबतं. माझं थांबत नाही. मी कायद्याच्या भाषेत बरोबर प्रश्न विचारला आणि उत्तर त्यांच्या भाषेत बरोबर आलं.

पण खरं लिहायचंय ते हे नाही. १,५९६ चं मला तेवढं वाईट वाटत नाही, कारण ते बुडालेले नाहीत, आधी भरले एवढंच. ते ६,६५० चौदाव्या ओळीत जमा आहेत. आत्ताच्या कंपनीच्या ४०१के मधे बाहेरून पैसे घेत असतील तर टॅक्स न भरलेला सगळा भाग २०२५ च्या ३१ डिसेंबरच्या आत तिकडे ढकलायचा, मागे फक्त ६,६५० ठेवायचे आणि ते बिनटॅक्स कन्व्हर्ट करायचे. मी एका कागदावर लिहून दिलं. (न्यू जर्सीचं आणि वेगळंच, इथलं राज्य ४०१के ची सूट देतं पण आयआरएची देत नाही, त्यामुळे स्टेटसाठी दुसरा हिशोब मांडायचा. हे कुणी ठरवलं त्याला एक सीझन आमच्याकडे बसवायला पाहिजे.)

खरं म्हणजे हे सगळं सांगताना मी त्यांची जुनी फाईल काढली आणि आतल्या बाजूला माझ्याच अक्षरातली पिवळी चिठ्ठी निघाली. "२१, २२, २३ – ८६०६ नाहीत – सीझननंतर."

मार्चमधे त्यांचं २०२३ चं रिटर्न बघतानाच मला दिसलं होतं की ४बी मधे, म्हणजे आयआरएतल्या करपात्र रकमेच्या ओळीत, ६,५०० आहेत. आधीची तीन वर्षं ते स्वतः सॉफ्टवेअरवर भरायचे. त्यात १०९९-आर उत्पन्नात विचारतात आणि आयआरएत टाकलेले पैसे लांब कुठेतरी वजावटींच्या भागात, सूट मिळणार नाही म्हणून लोक तो भागच उघडत नाहीत. तीन वर्षं त्याच पैशांवर दोनदा टॅक्स. तेव्हा दुसरा कुठलाच आयआरए नव्हता, त्यामुळे सगळंच परत मिळण्यासारखं. मी त्यांना म्हणलं पण होतं, सीझन संपू दे, तिन्हीचं १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, करू. परतावा मागायला तीन वर्षं मिळतात. २०२१ चं रिटर्न एप्रिल २०२२ चं, म्हणजे मुदत एप्रिल २०२५ ला संपली. ज्या सीझनच्या संपण्याची मी वाट बघत होते त्याच्याबरोबरच संपली. ६,००० चे २४ टक्के, १,४४० डॉलर. अर्ध्या तासाचं काम होतं हो. नियम मला माहीत नव्हता असंही नाही, दुसऱ्यांना मीच सांगते.

सांगितलं त्यांना, लगेच तिथेच सांगितलं. मला वाटलं आता खरं ऐकावं लागणार. तर ते म्हणाले, "सोडा हो ताई, तेवढं चालायचंच, चूक तर मीच केली होती ना भरताना." ज्या १,५९६ वर तासभर भांडले ते परत मिळणारेत, आणि जे कायमचे गेले त्यावर हसून मोकळे. मी माझ्याकडून देते म्हणलं तर उलट रागावले. भांडले असते तर बरं झालं असतं.

२०२२ आणि २०२३ चे १०४०-एक्स मी त्याच आठवड्यात पाठवले, ८६०६ जोडून, उशिराच्या ५० डॉलर दंडाबद्दल माफीचं पत्र लावून. १,४४० आणि १,५६०, बरोबर ३,००० परत आले. २०२४ चं दुरुस्त करून भरलं, फी घेतली नाही, साहेबांनी तोंड वाकडं केलं.

राहिली २०२१ ची फाईल. आमच्या सिस्टिममधे फाईल बंद करताना कारण निवडावं लागतं, क्लायंटने नकार दिला, कागद मिळाले नाहीत, मुदत संपली. मी तिसऱ्यावर जाते, मग पुढे कुणामुळे ते लिहायला कुठे जागाच नाही, आणि मी खिडकी बंद करते. फाईल अजून ओपन दिसतेय.