रंग कुणाच्या डोळ्यांनी बघायचा

आवडत्या माणसाला फुलं द्यायची असली की हल्ली पहिलं काम काय, तर मोबाईलवर चार्ट उघडायचा. लाल म्हणजे प्रेम, गुलाबी म्हणजे कौतुक, पिवळा म्हणजे मैत्री, केशरी म्हणजे ओढ, पांढरा म्हणजे निर्मळ मन. वाचताना असं वाटतं की हे सगळं कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय आणि आपण फक्त पाठ करायचंय, एक रंग चुकला की नातं संपलं. लोक खरंच घाबरतात हो. पिवळे गुलाब इतके सुंदर दिसत असतात, पण नको बाबा, 'फक्त मित्र' असा अर्थ निघाला तर काय करा.

तर हा चार्ट फार जुना वगैरे अजिबात नाहीये. 1718 साली लेडी मेरी वर्टली माँटेग्यू नावाच्या बाईंनी कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, एक पत्र लिहिलं, त्यात तिकडे वस्तू पाठवून प्रेमाचे निरोप कसे देतात त्याचं वर्णन होतं, फुलं त्यातला एक भाग, बाकी मोती, लवंग, कोळसा असं काय काय. ते युरोपात लोकांना भारीच आवडलं. मग 1819 मध्ये पॅरिसला फुलांच्या भाषेवरचं एक पुस्तक निघालं, शार्लोट द लातूर या टोपणनावाने (हो, लातूर, पण आपलं नाही), आणि त्याच्या मागोमाग अशा पुस्तकांची नुसती रांग लागली. गंमत म्हणजे ती पुस्तकं एकमेकांशी सहमतच नव्हती, एकात ज्या फुलाचा अर्थ निष्ठा तो दुसऱ्यात भलताच काहीतरी. पिवळा गुलाब तर त्या काळात मत्सराचा, आटत चाललेल्या प्रेमाचा मानायचे, तो आता मैत्रीचा झाला. अजून पन्नास वर्षांनी काय होईल कुणी सांगावं, त्यामुळे पिवळा आवडतो ना, मग पिवळा घ्या.

आणि ज्याला आपण अगदी सनातन समजतो तो गडद लालभडक गुलाब, तोही युरोपातल्या बागांमध्ये तसा उशिराच आलाय, 18व्या शतकाच्या शेवटी चीनमधून गुलाब आले त्यांच्याशी संकर होत होत. त्याआधी गुलाबी, पांढरे आणि जांभळटाकडे झुकणारे असेच जास्त. शिवाय मधमाशीला लाल हा रंग म्हणून दिसतच नाही, तिचे डोळे निळा, हिरवा आणि आपल्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट असे बघतात. म्हणजे फूल ज्यांच्यासाठी एवढं नटतं त्यातल्या एका मोठ्या गटाला आपल्या रोमान्सच्या रंगाचं काही पडलेलंच नाही. मला हे वाचल्यापासून लाल गुलाबाबद्दल जरा आपुलकीच वाटायला लागलीये, बिचारा.

पण माझा खरा मुद्दा डोळ्यांचाच आहे. आमच्या घरात नवऱ्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासूनच. हे काही फार दुर्मिळ नाही, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण 12 मागे 1 असं हे प्रमाण सांगतात, इतर ठिकाणी थोडं कमी, आणि बायकांमध्ये खूपच कमी, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांकडे ते एकच. तर अशा माणसाला हिरव्यागार पानांत खोचलेले लाल गुलाब दिले की त्याला काय दिसतं, तर गडद तपकिरीसर काहीतरी, पानांत मिसळून गेलेलं. तो अर्थात "मस्त आहेत" म्हणतो, प्रेमाचा माणूस आहे. पण सूर्यफूल दिलं ना की चेहराच वेगळा होतो, पिवळा त्याला खणखणीत दिसतो, आणि त्याच्याशेजारी निळं डेल्फिनियम ठेवलं तर मग बघायलाच नको. आता चार्टमध्ये पिवळा अधिक निळा म्हणजे काय ते मला माहीत नाही, बहुतेक शाळेच्या गॅदरिंगचं डेकोरेशन. आमच्याकडे तोच रोमँटिक कॉम्बो आहे.

बरं, डोळे अगदी ठणठणीत असले तरी उजेडाचं काय? यान पुर्किन्ये म्हणून एक चेक शास्त्रज्ञ होते, 19व्या शतकाच्या सुरुवातीचे, त्यांच्या लक्षात आलं की भर उन्हात झगमगणारी लाल फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात एकदम काळपट दिसतात आणि निळं, हिरवं मात्र उठून दिसतं. कारण कमी उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांना लाल जवळजवळ जाणवतच नाही. आता विचार करा, लोक लाल गुलाब कधी देतात? संध्याकाळी! गच्चीवर, दिवे बंद करून, वातावरण वगैरे तयार करून. समोरच्या माणसाच्या हातात काळा गठ्ठा. मेणबत्ती असेल तर थोडं वाचतं, तिचा उजेड मुळात तांबूस असल्यामुळे लाल त्यात छान ऊबदार दिसतो, पण मग निळ्याची वाट लागते, तो मळकट होतो. म्हणून रात्रीसाठी मला विचाराल तर पांढरं. चार्टवाले म्हणतील पांढरं म्हणजे शांतता किंवा शोक, म्हणू देत. मोगरा, निशिगंध यांनी हे कधीच ओळखलंय, अंधारात येणाऱ्या पतंगांना रंग कुठला दाखवणार, म्हणून फिकट पाकळ्या आणि वर दिवस मावळला की वाढत जाणारा वास.

वासावरून आठवलं, लांब दांड्याचे ते एकसारखे गुलाब नाकाशी नेऊन बघा कधी. बहुतेकदा काहीच नाही, थंडगार कागदासारखं. वर्षानुवर्षं त्यांची निवड होत आली ती टिकाऊपणा, सरळ दांडा, लांबचा प्रवास झेलण्याची ताकद यावर, आणि या सगळ्यात सुगंध मागे राहिला. ज्याला फुलं द्यायची तो माणूस हुंगणारा आहे की नुसता बघणारा, हे एकदा नीट आठवा. माणसं खरंच दोन प्रकारची असतात. हुंगणाऱ्याला बिनवासाचा गुलाब दिला तर तो नाक खुपसतो, मान वर करतो आणि मग फार गोड हसतो... ते हसू मला ओळखता येतं.

निळ्या गुलाबाचा नाद मात्र सोडा असं मी कळकळीने सांगेन. गुलाबात निळं रंगद्रव्य बनवायची यंत्रणाच नसते. जपानमधल्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक घालून 2004 मध्ये 'निळा' गुलाब जाहीर केला, 2009 पासून विकायलाही काढला, आणि तो बघितला तर चक्क फिकट जांभळा. दुकानात मिळतो तो शाईसारखा निळा बहुतेक वेळा रंगवलेलाच असतो, पाणी बदलताना बोटांना लागतो कधीकधी. ज्याला खरंच निळं आवडतं त्याला हायड्रेंजिया द्या ना. तेच झाड आम्ल मातीत निळं फुलतं आणि अल्कलीत गुलाबी, म्हणजे मूड स्विंग्ज आधीपासूनच समाविष्ट.

लिलीबद्दल दोन गोष्टी, आणि पहिली सिरियस आहे. मांजर असलेल्या घरात लिली न्यायचीच नाही, नुसता पराग अंगावर पडून तिने तो चाटला तरी किडनी जाऊ शकते, इथे रोमान्स बाजूला. मांजर नसेल तर दुसरी गोष्ट अशी की कळी उमलली रे उमलली की आतले ते तपकिरी परागकोष चिमटीत धरून हलकेच काढून टाकायचे, सहा असतात, डोलत असतात, पिकायच्या आत काढले तर बोटांना काही लागत नाही, उशीर झाला की मग गडद केशरी पूड आणि ती कपड्यावर पडली तर पाण्याने पुसायची नाही, पसरते, चिकटपट्टीने उचलायची. पांढऱ्या शर्टातल्या माणसाला लिली देणार असाल तर हे आधी उरकून मगच द्या.

ट्यूलिप मला स्वतःला सगळ्यात आवडतात आणि त्याचं कारण रंगाबिंगात नाही. ते कापल्यावरही वाढतात. फुलदाणीत सरळ उभे केलेले दुसऱ्या दिवशी बघावं तर लांब झालेले, खिडकीकडे मान वळवून बसलेले, एखादा भलतीकडेच वाकलेला. ज्यांना सगळं जागच्या जागी लागतं त्यांना याचा वैताग येतो, त्यांना ऑर्किड द्या, ते आठवडे न् आठवडे तसंच राहतं.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग विचारूनच टाकावं ना, कुठलं आवडतं. विचारावं की. पण बऱ्याच लोकांना, विशेषतः पुरुषांना, आयुष्यात हे कुणी विचारलेलंच नसतं, त्यामुळे उत्तर येतं "कुठलंही". आमच्याकडेही तेच आलं होतं. मग मी नवऱ्याला एकदा फुलांच्या दुकानात सोबतच घेऊन गेले तर हा रंगांकडे ढुंकूनही न बघता प्रत्येक बादलीपाशी वाकून वास घेत सुटला, पाठीमागे माणसं खोळंबलेली. दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, घ्यायचंय की नुसतं हुंगायचंय?" हा म्हणाला, "आधी हुंगतो, मग सांगतो." आणि परत पहिल्या बादलीपासून सुरू.