परीक्षेनंतर बघू

"परीक्षा झाली की बघू, दादा. तोवर चालेल." आज कॉलेज रोडजवळच्या सायकल दुकानात एक मुलगा सांगत होता. सॅकमधून सबमिशनची फाईल डोकावत होती, टायरला नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचा चिखल. चेनच्या रोलरमध्येही, म्हणजे कड्यांमधल्या छोट्या फिरत्या नळ्यांतही तोच, वाळून घट्ट बसलेला.

ते 'चालेल' मनातून जाईना.

अभ्यासामुळे चार राइड बुडाल्या तर काही बिघडत नाही. चिखलाची चेन तशीच चालवली तर बिघडतं. तेलात मिसळलेली माती कड्या जोडणाऱ्या पिना झिजवते, चेन लांबते आणि लांबलेली चेन कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांचे दात खाते. चेन बदलून भागलं असतं तिथे कॅसेटही घ्यावी लागते. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराला हा खर्च झेपत नाही हो.

तपासायला फूटपट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, ती न मोजता तिथून 24वी पिन बरोबर 12 इंचांवर हवी. 1/16 इंच पुढे सरकली की चेन बदला.

राइडनंतर ब्रश, बादलीभर पाणी, कोरडं फडकं. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, आणि वरचं तेल पुसून घ्या. ब्रेकच्या डिस्कवर तेल उडू देऊ नका, ब्रेक लागत नाहीत. चाकाच्या मधल्या हबवर प्रेशरचं पाणी तर नकोच, बेअरिंगचं ग्रीस निघून जातं.

सायकल घेऊन देताना मुलांना हे कोणी शिकवतं का?