पुढचं स्टेशन डुप्ले

पॅरिसच्या मेट्रोत सहा नंबरच्या लाईनवर एतवालला बसलं की सहावं स्टेशन डुप्ले. शाळेच्या पुस्तकात कर्नाटक युद्धांच्या धड्यात दोन-चार ओळींत उरकलेला पाँडिचेरीचा गव्हर्नर, तोच हा. गाडीतल्या घोषणेत मात्र 'डुप्ले' ऐकू येईल या भरवशावर राहू नये. फ्रेंच लोक त्याचा शेवटचा 'क्स' स्पष्ट म्हणतात, द्युप्लेक्स. स्टेशनं मोजत बसलेलं बरं.

गाडी नासिओंच्या दिशेची घ्यावी आणि डावीकडची खिडकी धरावी. पासीनंतर सेन नदी ओलांडताना आयफेल टॉवर डाव्या हाताला येतो आणि डब्यातले निम्मे मोबाइल वर होतात. त्या गडबडीत स्टेशनांच्या नावांकडे कोण बघतंय! एरवी ही लाईन फ्रेंच सैन्याचं हजेरीपुस्तकच आहे. पहिलंच स्टेशन क्लेबेर. नेपोलियन इजिप्तमधून निघून आला, तेव्हा मागे राहिलेली मोहीम ज्याच्या गळ्यात पडली तो हा सेनापती. १८०० साली कैरोत त्याचा खून झाला. मग ट्रोकादेरो, स्पेनमधल्या कादिझजवळचा किल्ला. १८२३ मध्ये फ्रान्सच्या बूर्बाँ राजानं स्पेनच्या राजाला त्याची अनिर्बंध सत्ता परत मिळवून द्यायला फौज पाठवली आणि हा किल्ला घेतला. आज ती टॉवरसमोर फोटो काढायची जागा.

असं नाव दिसलं की लढाई कुठली एवढ्यावर थांबू नये, ते ठेवलं कुठल्या राजवटीनं तेही बघावं. टॉवरसमोरच्या इएना पुलाला नेपोलियननं १८०६ साली प्रशियावर मिळवलेल्या विजयाचं नाव दिलेलं. १८१५ मध्ये प्रशियाचा सेनापती ब्ल्युशर पॅरिसमध्ये घुसला आणि हा पूलच सुरुंग लावून उडवायला निघाला. पूल वाचला, नाव मात्र गेलं. १८३० मध्ये राजा बदलल्यावर ते परत आलं. मेट्रोनंही हेच केलंय. १९१४ साली जर्मनीशी युद्ध पेटलं तेव्हा 'बर्लिन' स्टेशनाचं 'लिएज' (बेल्जियममधलं शहर) झालं आणि 'आलमान्य', म्हणजे जर्मनी, जाऊन तिथं फ्रेंच समाजवादी नेत्याचं नाव, 'जोरेस', आलं.

सेन ओलांडली की बिर-हाकेम. १९४२च्या मे-जूनमध्ये लिबियाच्या वाळवंटात द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच तुकड्यांनी जर्मन सेनापती रोमेलला दोन आठवड्यांहून जास्त थोपवून धरलं, ते ठिकाण. या स्टेशनाचं आधीचं नाव ग्रनेल. बिर-हाकेम झालं १९४९ मध्ये. पण वाळवंटातली ती लढाई संपून जेमतेम पाच आठवडे झाले होते, तेव्हा याच स्टेशनाजवळच्या सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात फ्रेंच पोलिसांनीच पॅरिसचे हजारो ज्यू आणून कोंडले होते. ते मैदान १९५९ साली पाडलं. स्टेशनाला नाव कुठल्या घटनेचं द्यायचं आणि दगडी पाटीवर कुठली कोरायची, याची ही वाटणी बोलकी आहे.

डुप्लेला उतरलं की नकाशा उघडावा, कारण खरी गंमत स्टेशनाबाहेर आहे. टॉवरखालच्या शाँ द मार्स मैदानाच्या एका बाजूनं आव्हन्यू द सुफ्रें जातो, दुसऱ्या बाजूनं आव्हन्यू द ला बूर्दोने. दोघेही हिंदुस्थानच्या समुद्रात लढलेले. सुफ्रेंनं १७८२-८३ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर इंग्रज आरमाराला जेरीस आणलं होतं. ला बूर्दोनेनं १७४६ साली मद्रास जिंकलं, पण ते खंडणी घेऊन इंग्रजांना परत द्यायचं की आपल्याकडेच ठेवायचं यावरून डुप्लेशी त्याचं वाजलं. पुढे तो बास्तीलच्या तुरुंगात गेला. डुप्लेलाही १७५४ मध्ये माघारी बोलावलं. तो १७६३ साली पॅरिसमध्येच फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीकडे आपले पैसे मागत, कर्जात बुडून मेला. एकमेकांवर दात धरून राहिलेले हे दोघे आता पायी वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर नांदतात.

ज्या आठवड्यात पानिपत झालं, त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१ मध्ये, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी हा बुसी या फ्रेंच सेनापतीच्या कवायतीत तयार झालेला. आणि या बुसीला दख्खनेत पाठवलं होतं डुप्लेनंच. आपल्या पेशवाईशी या स्टेशनाचा संबंध लागतो तो असा. पाँडिचेरीतल्या डुप्ले रस्त्याला आज जवाहरलाल नेहरूंचं नाव आहे. डुप्लेचा पुतळा मात्र त्या शहरात अजून उभा आहे.

पुन्हा गाडीत बसावं. ला मोत-पिके हा आरमारी अधिकारी. १७७८ साली अमेरिकेच्या नव्या झेंड्याला त्यानं नऊ तोफांची सलामी दिली. काँब्रोन वॉटर्लूचा, शरण यायला सांगितल्यावर त्यानं एक कचकचीत शिवी हासडली म्हणतात. त्यानं स्वतः ते नाकारलं, पण सभ्य फ्रेंच माणूस त्या शिवीला आजही 'काँब्रोनचा शब्द' म्हणतो. मग लकुर्ब, तोही सेनापतीच. त्यानंतर पाश्चर येतं आणि वाटतं, सुटलो! तिथं बारा नंबरची लाईन धरून उत्तरेकडे निघालं, की सातवं स्टेशन सोल्फेरिनो: १८५९, इटलीतली लढाई, तिसऱ्या नेपोलियनचा विजय.