धोंड्याच्या महिन्यातलं रेकॉर्डिंग

१२ मे, जळगाव

आमच्या जॅझ बँडच्या रेकॉर्डिंगच्या तारखा शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरने ठरवल्या. आमचा सॅक्सवाला अमळनेरकडचा, घरात तीन पिढ्यांचा वरातीचा बँड. एप्रिल-मेमध्ये त्याला फोन करण्यात अर्थ नसतो. उचलला तर मागे ट्रम्पेट, फटाके, आणि तो ओरडून सांगतो, "ताई, आज दोन लगन शेतस!" आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, तो प्रॅक्टिसला आलेलाच नाही. १७ तारखेला अधिक महिना लागतो. धोंड्यात लग्न नाही, म्हणजे वरात नाही, म्हणजे तो मोकळा. त्यांच्या घरी महिनाभर कमाई बंद आणि इकडे आम्ही खूश. लिहिताना लाज वाटतेय, पण आनंद झाला तो झालाच.

चौघंच आहोत. तो, मी कीबोर्डवर, ड्रम्सवर एक मूळचा तबलजी, आणि बेस गिटारला भुसावळचा रेल्वे क्वार्टरमधला मुलगा. वर आमचे सर. शिकवतात भौतिकशास्त्र, पण मुंबईत शिकताना जॅझच्या नादी लागले ते लागलेच. घरी "आमचा बँड रेकॉर्डिंग करतोय" असं सांगितलं तर काकूने विचारलं, "घोडा पण तुमचाच का?"

चार ट्यून तयार आहेत. दोन सगळ्यांनी मिळून बसवलेल्या, एक बेसवाल्याची, एक माझी. माझी सगळ्यात चांगली आहे. हे इथेच लिहू शकते.

१४ मे

माझ्या ट्यूनबद्दल एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी सुचवली, कशी सुचली यावरून वाद नको.

डी वर सा धरला. गंधार आणि निषाद कोमल, म्हणजे आपला काफी. जॅझवाले यालाच डोरियन म्हणतात. बत्तीस बारची (आवर्तनांची) बांधणी, पहिला भाग दोनदा, मग मधला भाग, मग परत पहिला. मधल्या भागात मी एकही नवा सूर घेतलेला नाही. फक्त सा उचलून मध्यमावर ठेवला, तेच सूर खमाजचे होतात. हे सापडलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी गच्चीवर एकटीच हसत बसले होते.

पण कागदावरची ट्यून आणि सॅक्सवाला यांची पहिली भेट भयंकर झाली. मी सांगितलं, डी पासून सुरू कर. त्याने डी वाजवला आणि माझ्या कीबोर्डवर तो सी निघाला. सगळी ट्यून एक सूर खाली. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना बेसूर ठरवत होतो. मग सर हसत हसत म्हणाले, टेनर सॅक्स बी फ्लॅटचं वाद्य आहे, त्याचा सी म्हणजे तुझा बी फ्लॅट. माझा डी हवा असेल तर त्याने ई धरायचा. मी सगळा कागद पुन्हा लिहायला बसले, तर त्याने कागद बाजूला सारला. "ताई, तू फक्त सा दखाड, बाकी मी दखी लेस." मी डी दाबून धरला. त्याने रीड तोंडात ओली केली, दोन सूर चाचपले, तिसऱ्याला सापडला. नंतर पूर्ण ट्यून दोनदा ऐकली आणि वाजवली. मी तीन आठवडे लिहीत होते ती.

ड्रमरचंही असंच. स्विंग, जॅझची ती झुलती लय, म्हणजे काय हे त्याला कोणीही नीट सांगू शकलं नव्हतं. सर शेवटी म्हणाले, एका मात्रेचे तीन तुकडे कर आणि मधला गाळ. "मग दादऱ्यातून सरळ सांगा ना," तो म्हणाला, आणि राइड सिम्बलवर काठी आपोआप बसली.

१८ मे, सावदा

शहरातल्या स्टुडिओचं तासाचं भाडं ऐकून आम्ही उठून आलो. मामाकडे केळी पिकवायची दोन चेंबर आहेत. एकाचं कूलिंग बिघडलंय, मेकॅनिक महिनाभर येत नाही म्हणून ते रिकामं. जाड पफच्या (फोमच्या) भिंती, बाहेरचा ट्रॅक्टर आत ऐकू येत नाही. मला वाटलं, स्वर्ग.

आत जाऊन सरांनी एक टाळी वाजवली. टाळी चारदा परत आली. भिंती आतून पत्र्याच्या. पाण्याच्या टाकीत बसून गायल्यासारखं. मग केळीचे रिकामे क्रेट वेडेवाकडे रचले आणि मामीच्या चौदा गोधड्या त्यांच्यावर आणि भिंतींवर लटकवल्या. धोंड्याचे जावई येणार म्हणून मामीने नुकत्याच धुऊन ठेवल्या होत्या. "पंचेचाळीस डिग्रीत जावयाला गोधडी कशाला?" असं मी म्हटलं. मामीने उत्तर दिलं नाही, पण पंधरावी, लग्नातली, दिली नाही.

मामा दारात उभा राहून कौतुकाने सांगत होता की चालू असताना हे चेंबर सोळा ते अठरा अंशांवर असतं, इथिलीन सोडतात, चार-पाच दिवसांत हिरवा घड पिवळा. चालू असताना. सध्या आत केळीचा शिळा गोड वास तेवढा उरलाय. सॅक्सवाला म्हणतो, दम भरला की शिकरण खाल्ल्यासारखं वाटतं.

युक्ती अशी केली की रात्रभर दार उघडं ठेवायचं आणि पहाटे पाचला बंद करायचं. त्याच भिंती मग गारवा धरून ठेवतात. दहापर्यंत कसंबसं.

१९ मे

माइक लॅपटॉपला जोडायला भाड्याने आणलेल्या इंटरफेसला आठ इनपुट. ड्रम्सला चार माइक (दोन वरून, एक किकला, एक स्नेअरला), सॅक्सला एक, बेस थेट, माझा कीबोर्ड थेट, त्याला दोन. संपले आठ. चौघांनी एकत्रच वाजवायचं, नंतर एकेकाचं दुरुस्त करायचं नाही, असं सरांनी आधीच बजावलं. एकाच खोलीत सॅक्सच्या माइकमध्ये ड्रम्स शिरणारच. ते शिरलेलं असलं तरच आपण एकत्र होतो असं वाटतं, हे त्यांचं मत. मला ते तेव्हा पैसे वाचवायचं कारण वाटलं.

सकाळी सहाला ट्यूनिंग पक्कं होतं. साडेआठला सॅक्स चढायला लागला. सर लगेच भौतिकशास्त्रावर आले. शून्य अंशाला हवेत आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. नळीतली हवा तापली की सूर वर. कीबोर्डला उन्हाळा कळत नाही, तो ४४० हर्ट्झवरच. सॅक्सवाल्याने माउथपीस कॉर्कवर जरा बाहेर ओढला, अजून ओढला, मग म्हणाला आता निघून हातात येईल. शेवटी माझा कीबोर्डच ४४४ वर चढवला आणि बेसवाल्याने त्याला लावून घेतलं. वरातीत हे कसं जमतं विचारलं. "वरातमा सगळाच तापेल ऱ्हातस ना ताई."

दोन ट्यून झाल्या. दुपारी मामीच्या हातची खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. ड्रमर तिथेच आडवा झाला.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. सॅक्सवाल्याच्या वाजवण्यात एक कंप आहे, सूर खालून ओढत आणण्याची एक सवय आहे. पहिल्या वर्षी मीच त्याला म्हणाले होते, हे वरातीसारखं वाटतं, काढून टाक. सर तेव्हा काही बोलले नव्हते. आज जेवताना त्यांनी सहज सांगितलं की १९३० च्या दशकात मुंबईत ताजमध्ये जॅझ वाजत होतं. त्या काळात हॉटेलांतून जॅझ वाजवणारे कितीतरी गोव्याचे लोक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, आणि सिनेमाचं ते सगळं वरातीच्या बँडने उचललं. सॅक्सवाला आमरसात पोळी बुडवत ऐकत होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने, आणि तेच जास्त लागलं.

२० मे

आज माझी ट्यून.

पहिले तीन टेक वाईट. पहिल्यात मीच सुरुवात घाईत केली. कानात लय मोजणारी क्लिक न लावता वाजवतोय, त्यामुळे एकाची घाई सगळ्यांची होते. दुसऱ्यात बेसवाला मधल्या भागात शिरायचंच विसरला. तिसरा बरा होता, पण ऐकताना कळलं की मी सगळीकडे आहे. सॅक्सने वाक्य संपवलं की मी लगेच कॉर्ड भरते. त्याने दम घेतला की भरते. सोलोतसुद्धा भरते. भाकरीखाली कोणी सतत जाळ सारत बसावं तसं. सर म्हणाले, "थोडी जागा सोड." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, जागा सोडली तर ट्यून कळणार कशी?

चौथा टेक. सव्वानऊ. आत दिवा एकच, घाम डोळ्यांत. पहिली सोळा बार झाली, मधला भाग सुरू झाला आणि माझ्या हेडफोनमधून माझा आवाज गेला. बाकी सगळे येत होते. मला वाटलं हेडफोनचंच काहीतरी, टेक मोडायला नको, म्हणून वाजवत राहिले. शेवटचा भाग झाला, सॅक्सचा सोलो सुरू झाला, तेव्हा नजर खाली गेली. कीबोर्डचा लाल दिवा बंद. अॅडॅप्टरची पिन सैल झाली होती. बोर्ड मेलेला.

हात वर करायला हवा होता. नाही केला. का, ते नक्की सांगता येत नाही. कारण सॅक्सवाल्याला खाली कॉर्ड नाही हे माझ्याआधी कळलं होतं. त्याने नेहमीची धावपळ सोडली. एक सूर घेतला, कोमल गंधार, आणि तो धरून ठेवला. खालून ओढत आणला तसाच, मी काढून टाक म्हटलेला. सूर संपल्यावर काहीच नाही. नुसता बेस चालतोय, एकेका मात्रेला एकेक पाऊल, आणि सिम्बल. मग पुन्हा दोन सूर. बेसवाला माझ्याकडे बघत होता, मी त्याला मान हलवून चल म्हटलं. आणि माझी बोटं मेलेल्या पट्ट्यांवर चालूच होती. थांबवताच आली नाहीत.

संपल्यावर कोणी बोललं नाही. ड्रमरने काठ्या स्नेअरवर ठेवल्या त्याचा आवाज रेकॉर्ड झालाय. सर लॅपटॉपजवळून म्हणाले, "हाच."

मी म्हटलं, यात मी नाही.

ते म्हणाले, अर्ध्यापासून नाहीस. सॉनी रॉलिन्सने १९५७ सालीच पियानो न घेता नुसत्या बेस-ड्रम्सवर रेकॉर्ड केलं होतं, नवीन काही नाही. अशा वेळी इतिहास सांगणाऱ्या माणसाचा फार राग येतो. रॉलिन्सने स्वतः ठरवलं होतं. माझी पिन सैल होती. आणि ट्यून त्याच्या पियानोवाल्याची नव्हती, माझी होती.

पिन चिकटपट्टीने बांधून पाचवा टेक घेतला. कुठेही चूक नाही. मी सगळीकडे.

२१ मे

रात्रभर गच्चीवर झोप नाही. चौथा आणि पाचवा आलटून पालटून ऐकला, बहुतेक अकरा वेळा. पाचव्यात माझी ट्यून व्यवस्थित समजते. चौथ्यात ती समजत नाही, पण मधल्या भागात सा मध्यमावर सरकतो ते अंगावर येतं, आणि ते मी वाजवत नसताना येतं. गच्चीवर दीड वाजता सापडलं होतं ते नेमकं हेच. मग मी त्याच्यावर कॉर्ड रचत गेले.

सकाळी सॅक्सवाल्याला विचारलं, तुला कुठला? तो रीड पुसत होता. म्हणाला पाचवा, त्यात तू शेस. खोटं बोलत होता. चांगलं बोलला, पण खोटं.

मी सरांना चौथा ठेवा म्हणून सांगितलं आणि चिडून केळी खाल्ली. चार.

बेसवाल्याची ट्यून दोन टेकमध्ये झाली, तिच्याबद्दल तो स्वतः लिहील. गोधड्या मामीला परत दिल्या. तिने नाकाला लावून बघितल्या आणि सगळ्या पुन्हा भिजत टाकल्या.

४ जून, सावदा

मिक्स आलं. चार ट्यून, एकवीस मिनिटं. मिक्स करणाऱ्या मित्राचा काल रात्री मेसेज होता, "तिसऱ्या ट्यूनमध्ये सॅक्स थांबतो तिथे मागे टकटक येतेय. वरच्या माइकमध्ये आलीय. काढू का?"

हेडफोन लावून ऐकलं. खरंच आहे. आधी एवढ्या वेळा ऐकून लक्षात आलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या लाकडावर आपटल्यासारख्या, अगदी बारीक, आणि बरोबर तालात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या जरा आधी, जिथे मी कॉर्ड भरते तिथेच. मी त्याला लिहिलं, राहू दे.

आज मामाकडे सगळ्यांना ऐकवलं. मोठा जावई धोंडे खाऊन पेंगत होता. ओटीवर छोटा स्पीकर ठेवला. मामाने पहिल्या दोन ट्यूनना मान हलवली, मधे एकदा फोनवर केळीचा भाव विचारून घेतला. तिसरी लागली. सॅक्स थांबला तशी मामाने चहाची बशी खाली ठेवली आणि वर आढ्याकडे बघितलं.

"हे टकटक काय आहे वं? पाल चुकचुकते का?"

मामीने सवयीने फरशीवर दोन बोटं वाजवली आणि म्हणाली, "कृष्ण कृष्ण."