चहाला थांबलं की गप्प बसणारं इंजिन

गाडी २००९ ची, एमएच १२ पासिंग, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल हॅचबॅक. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हता, आणि नाव दिलं की वाचणारा आवाज सोडून नावच लक्षात ठेवतो. मालक वैभववाडीकडचे शिक्षक. पुण्यातून गाडी घेऊन दीड महिना झालेला, मीटरवर ६८ हजार. क्लचच्या पेडलचा रबर एका बाजूने पत्र्यापर्यंत झिजलेला होता. ६८ हजारांत एवढा झिजत नाही, पण तो आजचा विषय नव्हे.

आमच्या गॅरेजला, कोल्हापूरला, येण्याआधी इंजिनातल्या आवाजापायी गाडी दोन ठिकाणी फिरून आली होती. पहिल्याने टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) म्हणून सांगितलं आणि टॅपेट सेट केले. दोन दिवस आवाज दबला, तिसऱ्या दिवशी परत आला. दुसऱ्याने बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलं म्हणून सांगून क्रँकचं ग्राइंडिंग, बेअरिंग, रिंगा, हेड असा ३८ हजारांचा अंदाज दिला. तिसरा एक सल्ला फुकटचा मिळालेला: "२० डब्ल्यू ५० ऑइल टाका, आवाज मरतो."

आवाज कसा येतो हे मालक तोंडाने करून दाखवत होते. मी विचारलं, कसा ते राहू दे सर, कधी येतो ते सांगा.

सकाळी चालू करताना नाही. गावात फिरवताना नाही. करूळ घाट चढून गगनबावड्याला येईपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटं इंजिन ओढलं की खालून हलकं टक-टक सुरू. मग कोल्हापूरपर्यंत पाठ सोडत नाही. "पण चहाला थांबलं की गप्प बसतंय बघा मिस्त्री. परत निघालं की दहा मिनिटं काही नाही, मग सुरू."

हे आधीच्या दोघांनाही त्यांनी सांगितलं होतं म्हणे. कुणी कानावर घेतलं नसावं, कारण ऐकायला ते खुळ्यासारखं वाटतं. गरम इंजिन पाच मिनिटं बंद राहिलं म्हणून थंड होत नाही. ऑइलही गरमच राहतं, उतरलं तर पाच-सात अंश. मग पाच मिनिटांत बदललं काय?

गार इंजिन वाजून गरम झाल्यावर थांबत असेल तर पिस्टनची खडखड धरायची, नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटची फुसफुस. धातू तापून फुगतो, फट मिटते. इथे उलटं होतं, त्यामुळे त्या दोन गोष्टी आधीच वजा. फॅनचा पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवणं हा पुढचा स्वस्त उपाय. अल्टरनेटर किंवा टेन्शनरचं बेअरिंग वाजत असेल तर तिथेच निकाल लागतो. जास्त वेळ चालवू नये, काही इंजिनांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो. पट्टा काढूनही आवाज होता.

हे करण्यापूर्वी गाडी हायवेवर १२ किलोमीटर दामटून आणली होती, नाहीतर आवाजच नसता. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून वर हेडवर ऐकलं: नेहमीची किरकिर. खाली ब्लॉकवर, चौथ्या सिलिंडरच्या बाजूला: टक-टक स्पष्ट. मग एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहिला. प्लगची वायर काढून हीच परीक्षा करायची जुनी सवय आहे, पण तसं केलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. इंजेक्टर काढला की पेट्रोलच जात नाही. पहिला, दुसरा, तिसरा काढून आवाजात फरक नाही. चौथा काढल्यावर टक-टक निम्मी झाली. त्या पिस्टनवरचा स्फोटाचा दाब गेला आणि कनेक्टिंग रॉड आपटायचा कमी झाला.

म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीचा कान चुकला नव्हता. आवाज चौथ्याच्या बिग एंडचाच होता. तिथे थांबलो असतो तर ३८ हजारांचं काम मीही काढलं असतं. पण खराब झालेलं बेअरिंग चहाला थांबल्याने बरं होत नाही.

ऑइलचा लाल दिवा एकदाही लागला नाही, असं मालक पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या दिव्यावर विसंबू नये. त्याचा स्विच साधारण ०.३ बारच्या आसपास काम करतो. दाब त्याच्या वर आहे एवढंच तो सांगतो. ३ बार हवा तिथे ०.६ असला तरी दिवा बंदच. म्हणून ऑइल फिल्टरजवळचा प्रेशर स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज लावलं. आटे पाहून जोडणी घ्यावी. तिथला आटा बऱ्याचदा निमुळता असतो, सरळ आट्याचा निपल कोंबला तर हाउसिंगच तडकतं.

पुढची पंधरा मिनिटं या कामाचा गाभा.

बंद ठेवून पुन्हा चालू केल्यावर गरम आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) १.२ बार, ३००० आरपीएमला ३.२. कुणीही म्हणेल, इंजिन उत्तम. ३००० वर धरून ठेवलं. चार मिनिटांनी काटा २.४ वर. सहाव्या मिनिटाला १.६, आणि काटा थरथरू लागला. १.२ च्या खाली गेल्यावर टक-टक सुरू. आयडलवर सोडलं तर ०.५. लाल दिवा बंदच. लगेच इंजिन बंद केलं, पाच मिनिटं थांबून चालू केलं, परत ३००० ला ३ बार.

बेअरिंग ढिली झालेली असतील तर दाब गरम आयडलला कमी असतो, पण रेस केलं की वर चढतो, कारण पंप जोरात फिरून जास्त ऑइल ढकलतो. इथे रेस धरून ठेवल्यावर दाब पडत होता. ही खूण पंपाच्या पुढची नव्हे, मागची. ऑइल पंपापर्यंत पोचतच नव्हतं. पंप पुढे कितीही जोराने ढकलू शकतो, पण मागून ओढताना त्याच्या मदतीला फक्त हवेचा दाब असतो, एक बारच्या आत. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यातल्या, जाळीवर काही चिकटलं की ओढ जितकी जास्त तितकं ते घट्ट बसतं. पंप हवा खायला लागतो आणि काटा थरथरतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते आणि चिकटलेलं खाली गळून पडतं. चहा होईपर्यंत जाळी मोकळी! जाड ऑइलचा फुकटचा सल्ला इथे किती महागात पडला असता ते यावरून कळेल. जाड ऑइल तुंबलेल्या जाळीतून आणखीच कमी आलं असतं.

चेंबर खोलण्याआधी फिल्टर कापून पाहिला. हॅक्सॉने कापू नये, पात्याचा चुरा आत पडतो आणि तोच इंजिनचा समजून घाबरायला होतं. छिन्नीने वरची कड उचकटली, कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरल्या. चकाकणारे कण जवळजवळ नाहीत, लोहचुंबकाला काही लागलं नाही. पण करडे, चिमटीत धरले तर ताणणारे बारीक तुकडे सापडले. सिलिकॉन.

या इंजिनाच्या चेंबरला गॅस्केट नसतं, सिलिकॉनवरच बसवतात. रॅम्पवर घेऊन खालून पाहिलं तर चेंबरच्या कडेने करड्या सिलिकॉनचा ओघळ बाहेर आलेला आणि बुडाला जुन्या गॅस वेल्डिंगचा डाग. कधीतरी दगडावर आपटून चेंबर फुटलं असणार. कुणीतरी ते काढून, वेल्ड मारून, गळू नये म्हणून मनमुराद सिलिकॉन लावून बसवलं. जेवढं बाहेर ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, आणि आतलं ऑइलमध्ये भिजून सुटतं. जुनी गाडी घेताना बॉनेटखाली सगळे बघतात, चेंबरची कड कुणी बघत नाही.

पुढचा एक्झॉस्ट पाइप सोडून, दहाच्या पान्याचे सगळे बोल्ट काढले. चेंबर निघत नाही म्हणून जोडात स्क्रू ड्रायव्हर ठोकायचा मोह होतो. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर तिथे चरा पडतो आणि मग कितीही सिलिकॉन लावा, गळतच राहतं. बारीक पात्याने कडेचं सिलिकॉन कापत गेलो, मग रबरी हातोडा. जाळी समोर आली तेव्हा तिचा पाऊण भाग करड्या पट्ट्यांनी आणि काळ्या गाळाने झाकलेला. एक पट्टी बोटभर लांब. जाळीतून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या पिकअप पाइपचा ओ-रिंग वाळून कडक झालेला. तो असा असला तर पंप तिथूनही हवा ओढतो, म्हणून जाळी धुऊन जुना ओ-रिंग परत लावणं म्हणजे अर्धं काम. आणि वेल्डिंगवाल्याने बूड नीट ठोकून घेतलंय का ते पाहिलं. बूड आत दबलेलं राहिलं तर जाळी त्यावर टेकते आणि स्वच्छ जाळीही उपाशी राहते. इथे अंतर बरोबर होतं.

आता चौथं बेअरिंग. कॅपवर (रॉडच्या टोकाचा खालचा अर्धा भाग) आणि रॉडवर जुळती खूण नसेल तर आधी करून घ्यायची, कॅप कधी अदलाबदल होता कामा नये, दिशाही तीच. बोल्टांच्या आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवले, म्हणजे रॉड वर ढकलताना क्रँकला ओरखडा पडत नाही. वरच्या शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यावर) चकाकता पट्टा आणि बारीक रेघा, पण तांबं उघडं पडलेलं नाही. जर्नलवरून, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगखालच्या गुळगुळीत भागावरून, नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. प्लास्टिगेजची, म्हणजे दाबली की चपटी होणारी, दोरी ठेवून कॅप टॉर्क पान्याने कसली, परत काढून दोरीच्या रुंदीवरून बेअरिंगची फट मोजली: ०.०६ मिमी. पहिल्या सिलिंडरला ०.०४. या इंजिनाची मर्यादा ०.०८. मर्यादेच्या आत असूनही चारी बिग एंडचे स्टँडर्ड मापाचे नवे शेल टाकले. सगळं उघडंच होतं, खर्च हजाराच्या आत, आणि रेघा पडलेला शेल परत घालायला मन होत नाही. चौथं ०.०४ वर आलं. क्रँक जागचा हलवला नाही. जर्नलला चरे असते किंवा तो लंबगोल झिजला असता तर हे चाललं नसतं. मग क्रँक काढून ग्राइंडिंगलाच न्यावा लागतो.

बसवताना कडा थिनरने कोरड्या केल्या आणि ३ मिमी जाडीची एकच सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. आवळल्यावर आत मोहरीएवढा मणी दिसला तर ठीक, शेंगदाण्याएवढा दिसला तर जास्त. सिलिकॉनवर साय धरायच्या आत चेंबर चढवलं, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने साधारण १ किलोग्रॅम-मीटर टॉर्कला. ऑइल दुसऱ्या दिवशी सकाळी भरलं. तासाभरात भरून गाडी देणाऱ्यांच्या चेंबरला पाझर का लागतो, हे त्यांनाच विचारावं.

ती रात्र वाया घालवली नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते) घेतलं तर तिसऱ्याला ९.५, बाकीच्यांना १२ च्या आसपास. हेड कव्हर काढून थंड इंजिनवर फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.१५ मिमीचं पान सहज सरकायला हवं, तिसऱ्याला ०.०५ चंही जाईना. आवाज मारण्यासाठी पहिल्या गॅरेजमध्ये टॅपेट आवळले होते. आवाज खरंच मरतो, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडला जाते. तो टेकलाच नाही तर काही महिन्यांत कड जळते आणि हेड काढावं लागतं. आठवडाभरात सापडलं म्हणून वाचलं. गॅप बरोबर केल्यावर तिसरा ११.५ वर आला.

सकाळी नवा फिल्टर, ५ डब्ल्यू ३० ऑइल, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ, मग चालू. इंजिन फ्लश घातलं नाही, डिझेलने तर नाहीच. जुना गाळ एकदम सुटला की सरळ स्वच्छ जाळीवर येऊन बसतो. त्याऐवजी हे ऑइल हजार किलोमीटरला बदलायचं, फिल्टर परत कापायचा, असं मालकांच्या बिलावरच लिहिलं. बिल साडेसात हजारांच्या आत बसलं. त्यात एक्झॉस्टच्या हीट शील्डला लावलेली ४० रुपयांची होज क्लिपही आली. २२०० आरपीएमला येणारी टर्र त्या शील्डची होती, मोठ्या आवाजापुढे ती कुणाला ऐकूच आली नव्हती.

गेज तसंच ठेवून पन्हाळ्याच्या चढाला गाडी काढली. गेज काचेच्या बाहेर, वायपरखाली बांधलं. पाइप सुटला तर गरम ऑइल अंगावर येतं, म्हणून ते केबिनमध्ये घेत नाही. वाघबीळपासून दुसऱ्या गिअरमध्ये, ३५०० च्या खाली येऊ न देता चढवली. काटा ३.६ वर, न थरथरता. वर नाक्याजवळ चहाला थांबलो. मालकांचा हात सवयीने किल्लीकडे गेला. म्हटलं, सर, राहू दे चालू. दोन चहा होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. आयडलला काटा १.४ वर होता.